पंखा फिरतो, मग गरगरतं मला का?

प्रश्न : माझं वय ५४. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी उठता उठता सगळी खोली गरगर फिरायला लागली. उलट्या झाल्या, तीन दिवस मान वर काढता आली नाही. औषधं घेतली, दोन-तीन आठवड्यांत सावरले. पण तेव्हापासून एक नवंच मागे लागलंय. छताचा पंखा फिरताना दिसला, वॉशिंग मशीनच्या काचेमागे कपडे गोल फिरताना दिसले, नातवानं भोवरा सोडला, की डोकं हलकं होतं, पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते आणि पोटात कालवतं. रस्त्याकडेला उभी असताना समोरून गाड्या गेल्या तरी तेच. मोठ्या दुकानात दोन्ही बाजूंनी सामान भरलेल्या फळ्यांमधून चालणं तर मी सोडूनच दिलंय. एमआरआय, कानाची तपासणी, साखर, बीपी, सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मी तर खुर्चीत बसलेली असते, फिरतो तो पंखा. मग गरगरतं मला का?
एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी हे पान घरच्यांना वाचायला द्या. तुम्हाला होतंय ते मनाचे खेळ नव्हेत. एखादी गोष्ट तपासणीच्या कागदावर उमटली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. चक्कर येणाऱ्या माणसाला तर हे वाक्य फार ऐकावं लागतं, कारण ताप थर्मामीटरवर दिसतो, जखम डोळ्यांना दिसते, गरगरणं फक्त ज्याचं त्याला कळतं.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला लहानपणीच्या एका जागी घेऊन गेला. मी सांगलीत वाढलो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की लोक पूर बघायला पुलावर गर्दी करत. पाणी तांबडं, दाट, त्यावरून केळीचे खुंट आणि कडब्याच्या पेंढ्या वाहत येत. मी कठड्यावर हनुवटी टेकवून एकटक खाली बघत राहायचो. सुरुवातीला पाणी वाहताना दिसायचं. थोड्या वेळानं पाणी जागच्या जागी थबकायचं आणि पूलच निघायचा! मी, कठडा, शेजारची माणसं, सगळे प्रवाहाच्या उलट दिशेला सरकत चाललोय, असं अगदी स्वच्छ जाणवायचं. गुडघ्यातलं बळ जायचं. मग आजोबा मागून सदरा धरून ओढायचे आणि म्हणायचे, "पाण्याकडं टक लावून बघू नगं, घेरी येईल."

पुढे वाचनात आलं, की प्रागमध्ये शिकवणाऱ्या अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात नेमका हाच अनुभव लिहून ठेवलाय. पुलावरून वाहत्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिलं की पाणी स्थिर आणि पूल चालता होतो. आपल्याकडे तर ही ओळख त्याहून कितीतरी जुनी. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे समजावताना नावेत बसलेल्या माणसाचंच उदाहरण दिलं आणि ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडं पळताना दिसतात, असा दृष्टांत आहे. स्टेशनात शेजारची गाडी सुटली आणि आपलीच सुटली असं वाटून आपण खिडकीचा गज धरतो, तेही हेच. डोळ्यांना फक्त इतकं कळतं, की माझ्यात आणि समोरच्या दृश्यात अंतर पडतंय. हललं कोण, हा निवाडा मेंदूचा.

निवाडा करताना मेंदू तीन साक्षीदार तपासतो. एक कान, दुसरे डोळे, तिसरे तळपाय आणि मानेचे-पाठीचे स्नायू. कान म्हटलं की आपल्याला ऐकणं आठवतं, पण आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि आतला जेलीसारखा पडदा वाकतो. ज्यांचे केसासारखे तंतू त्या पडद्यात रुतलेले असतात त्या पेशी 'डोकं वळलं' अशी बातमी वर पाठवतात. फुगडी आठवा. फुगडी थांबते, आपण थांबतो, पण नलिकेतला द्रव काही वेळ पुढे जात राहतो, म्हणून अंगण फिरतं.

या साक्षीदारात एक मोठी उणीव आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या उणिवेतच दडलंय. कानाला कळतो तो वेगातला बदल. डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची एकाच वेगानं फिरवत ठेवली, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास आपल्याला ती थांबलीय असं वाटू लागतं. द्रवानं नलिकेचा वेग गाठलेला असतो, पडदा सरळ झालेला असतो, कान गप्प बसतो. मग एकसारखं फिरणं चालू असताना 'अजून फिरतोय' हे मेंदूला कोण सांगणार? डोळे. म्हणून शरीरानं कानाची आणि डोळ्यांची बातमी एकाच खोलीत आणून सोडली आहे. झुरिचमध्ये वास्पे आणि हेन या संशोधकांनी १९७७ साली माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. मेंदूच्या देठात तोल सांभाळणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. कानाकडून आलेली नस तिथे पोचते. माकडाचं डोकं फिरवलं की तिथल्या पेशी चेततात, हे अपेक्षितच होतं. पण माकड जागच्या जागी ठेवून त्याच्याभोवती पट्टे रंगवलेलं मोठं पिंप फिरवलं, तरी त्याच पेशी चेतल्या. म्हणजे कानाच्या मालकीच्या वाटणाऱ्या जागेत डोळ्यांचंही ऐकलं जातं, आणि त्या पेशीला बातमी कुठून आली याचा फरक कळत नाही. पंखा फिरतो आणि गरगरतं तुम्हाला, ते या सामाईक दारामुळे.

मग पंखा बघून सगळ्यांनाच चक्कर का येत नाही? कारण मेंदू दृश्याचा आकार बघतो. भोवरा, पंखा, गिरणीचा पट्टा या लहान गोष्टी आहेत, त्यांच्यामागे भिंत आणि छत स्थिर दिसतं. मेंदू म्हणतो, ही वस्तू फिरतेय. पण डोळ्यांच्या कडेपर्यंतचं सगळं दृश्य एकदम सरकू लागलं की मेंदू उलट बाजूनं निकाल देतो. लाखो वर्षांच्या अनुभवात अख्खा डोंगर, अख्खं रान एकदम कधी सरकलेलं नाही. सरकला तो बघणारा. पुराचं पाणी असंच सगळी नजर व्यापतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९४ च्या जत्रेत या निकालावरच एक खेळ उभारला होता. त्याला झपाटलेला झोपाळा म्हणत. सामानानं सजवलेल्या एका खोलीत मोठा झोका टांगलेला, त्यावर माणसं बसत. झोका हळूहळू वर जाऊ लागे, आणखी वर, शेवटी पार उलटा होऊन गोल फिरे. खरं तर झोका जवळजवळ स्थिर असायचा, फिरायची ती खोली! बसलेल्यांनी दांड्या घट्ट धरलेल्या. काहींना उतरल्यावर मळमळीमुळे धड चालवेना. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञानं पुढच्याच वर्षी त्याबद्दल लिहिलं. त्याला युक्ती पूर्ण ठाऊक होती, तरी झोका वर जाताना पोटात पडणारा खड्डा त्याला थोपवता आला नाही. "तुला माहीत आहे ना पंखा फिरतोय म्हणून, मग घाबरतेस कशाला?" असं जे कोणी तुम्हाला म्हणत असतील, त्यांना ही गोष्ट सांगा. माहीत असणं हे विचाराचं काम, गरगरणं त्याच्या खालच्या मजल्यावर ठरतं.

नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बाळांची गोष्ट तर याहून बोलकी. डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जमीन पक्की, पण भिंती आणि छत सरकवता येतील अशी छोटी खोली. बाळाला मधोमध उभं केलं आणि भिंत हलकेच त्याच्याकडे सरकवली. बाळ झुकलं, डगमगलं, काही तर मागे बसलीच. जमीन तसूभरही हलली नव्हती. दीड वर्षांच्याही आतल्या त्या मुलांवर 'मनाचे खेळ' असा आरोप कुणी करणार का?

आता तुमच्याकडे येऊ. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. श्रावणातला तो झटका एका कानाच्या तोलाच्या नसेला सूज येऊन आलेला असू शकतो. त्यात एक कान काही दिवस चुकीची बातमी देतो किंवा गप्प होतो. मेंदू शहाणा असतो. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला बाजूला सारून तो डोळ्यांवर भिस्त ठेवू लागतो. त्या दिवसांत ते बरोबरच असतं. अडचण पुढे येते. कान सुधारतो, पण काहींच्या मेंदूला लागलेली डोळ्यांवर विसंबण्याची सवय तशीच राहते. मग डोळ्यांसमोर जे जे हलेल ते ते अंगावर येतं. पंख्यामागचं स्थिर छत इतरांना आधार देतं, तुम्हाला तो आधार पुरत नाही. दुकानातल्या फळ्या दोन्ही कडांनी मागे सरकतात, मंडईत माणसं आडवी जातात, आणि प्रत्येक हालचालीत मेंदू विचारतो, मी पडतोय का?

लंडनमध्ये काम करणाऱ्या अडोल्फो ब्रॉन्स्टाइन या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा रुग्णांचं नीट वर्णन केलं आणि 'दृश्यामुळे येणारी चक्कर' या नावानं ते वैद्यकात रुळलं. ही तक्रार तीन महिन्यांच्या वर बहुतेक दिवस टिकली, उभं राहिल्यावर, चालताना आणि हलत्या किंवा गजबजलेल्या दृश्यांनी वाढत राहिली, तर त्या आजाराला आता स्वतंत्र नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीपीपीडी म्हणतात. त्याचे निकष २०१७ मध्ये बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ठरवले. हे नाव रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या कानाच्या डॉक्टरांचं. कानात कोमट आणि गार पाणी सोडून तोलाची नळी तपासण्याची रीत त्यांनी बसवली. त्यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तोलाच्या आजारांना मानाची जागा मिळवून देणारा हा माणूस, म्हणून एवढं थांबून सांगितलं.

तपासण्या नॉर्मल का आल्या, तेही यातून उलगडतं. एमआरआय म्हणजे घराचा नकाशा. भिंत पडलीय का, गळती आहे का, ते नकाशात दिसेल. त्या घरात शब्द कुणाचा चालतो, हे नकाशात दिसत नाही. तुमच्या घराच्या भिंती धड आहेत, ही चांगलीच बातमी आहे. बिघाड विश्वासाच्या वाटणीत झालाय.

आणि मन? त्याचा वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तीन दिवस खोली फिरताना बघितलेल्या माणसाला भीती बसणारच. भीतीनं अंग ताठ होतं, पावलं आखूड पडतात, डोळे सारखे तोलावर पहारा ठेवतात आणि त्यामुळे गरगरणं वाढतं. कुणी आधीपासून चिंता करणारं असेल तर हे चाक लवकर वेग घेतं. पण भीती इथे मागाहून आलेली आहे. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचे डोळेही हलत्या दृश्यांना आणि पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीला हळवे असतात. तुम्हाला किंवा तुमच्या आईला तसा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग औषध वेगळं ठरतं. अंथरुणात कुशीवर वळताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना काही सेकंद खोली फिरत असेल, तर ती निराळीच चक्कर, कानातले बारीक खडे सरकल्याची. डोकं ठरावीक क्रमानं वळवून ती बऱ्याचदा एका बैठकीत उतरते. हे एवढ्यासाठी लिहितोय, की चक्कर हा शब्द एक असला तरी तिची घराणी वेगवेगळी आहेत.

तुमच्या पत्राबरोबरच कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचं कार्ड आलंय. त्याला घाटातून जाताना एसटीत मोबाईल वाचला की मळमळतं, बाहेर बघितलं की बरं वाटतं, असं का? हा तुमच्या तक्रारीचा आरसा आहे. त्याचा कान सांगतो, आपण वळतोय. नजर हातातल्या स्थिर अक्षरांवर. तुमचे डोळे सांगतात, फिरतंय; कान म्हणतो, कुठे काय. दोन्हीकडे साक्षी जुळत नाहीत. त्यानं मोबाईल खिशात ठेवून पुढच्या बाकावरून समोरचा रस्ता बघावा.

आता उपाय. तुम्ही मोठ्या दुकानात जाणं सोडलंत, पंखा दिसू नये म्हणून पाठ करून बसत असाल, कदाचित नातवाला भोवरा अंगणात खेळायला पाठवत असाल. यातून त्या क्षणापुरता आराम मिळतो, पण मेंदूला कानावर पुन्हा भरवसा ठेवायला शिकण्याची संधीच मिळत नाही. सतत चक्करीच्या गोळ्या घेत राहणंही याच कारणानं बरं नाही. झटक्याच्या पहिल्या दिवसांत त्या हव्यात, महिनोन्‌महिने घेतल्या तर शिकणं मंदावतं. अर्थात चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

उपचाराचं मुख्य अंग म्हणजे तोलाचे व्यायाम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी ते बसवले, आणि आज फिजिओथेरपिस्ट ते प्रत्येकाच्या तक्रारीनुसार बेततात. ज्यानं गरगरतं तेच थोडं थोडं, ठरवून घ्यायचं, हे त्यांचं सूत्र. कथक शिकणाऱ्या मुली चक्करदार गिरक्या घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवतात आणि डोकं शेवटच्या क्षणी झटकन वळवून पुन्हा तोच बिंदू गाठतात. नजरेची ही युक्ती त्यांना सावरते, पण वर्षांचा सराव त्याहून जास्त करतो. लंडनमध्ये बॅले नर्तिकांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की फिरण्याची जाणीव त्यांना इतरांपेक्षा कमी वेळ छळते आणि त्यांच्या लहान मेंदूच्या रचनेतही फरक असतो. शिकलेला मेंदू बदलतो. ५४ व्या वर्षीही बदलतो, फक्त थोडा वेळ जास्त घेतो.

तुमच्यासाठी सुरुवात अशी असू शकते. पाठीला टेकण असलेली खुर्ची. पाय जमिनीवर सपाट टेकलेले, चप्पल न घालता, म्हणजे तळपायांची साक्ष नीट पोचेल. पंखा एकवर. आधी नजर छताच्या कोपऱ्यावर, मग सावकाश पंख्यावर. तीस सेकंद. सौम्य गरगरलं पाहिजे, उलटी येईपर्यंत नव्हे. मग डोळे स्थिर भिंतीवर आणा आणि गरगरणं पूर्ण ओसरू द्या. दिवसातून दोनदा, रोज. चार-पाच दिवसांत तीस सेकंद कंटाळवाणे वाटू लागले की वेळ वाढवा, मग पंखा दोनवर. पुढे वॉशिंग मशीन, मग उभं राहून, मग दुकानातली एकच छोटी गल्ली, सोबतीला कुणी तरी, वर्दळ कमी असेल तेव्हा. रोज वीस मिनिटं उघड्यावर चालायचं आणि चालताना पायांकडे न बघता लांबवरच्या झाडाकडे बघायचं. पहिले काही दिवस त्रास थोडा वाढतो, तिथे बरेच जण सोडून देतात. कृपा करून सोडू नका. पण हे सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडून निदान पक्कं करून घ्या. दृश्यामुळे येणारी चक्कर आणि पीपीपीडी हे शब्द त्यांच्यापुढे बोलायला संकोचू नका. व्यायामासाठी तोलाचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट मिरज-सांगलीत विचारून बघा.

एक इशारा मात्र सगळ्याच वाचकांसाठी. चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, आधाराशिवाय उभंच राहवेना किंवा पूर्वी कधी नव्हतं असं जबर डोकं दुखलं, तर व्यायाम नाही, लिंबूपाणी नाही, वाट बघणं नाही. तो मेंदूचा झटका असू शकतो, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जायचं. आणि ट्यूबलाइट लुकलुकताना किंवा पंख्याच्या पात्यांमधून उजेड थरथरताना कुणाची शुद्ध हरपत असेल, तर ती चक्कर समजू नका. ते फेफरं असू शकतं, त्याची तपासणी वेगळी.

ताई, निदान झालं की एक वही करा. तारीख, पंखा कितीवर, किती सेकंद, गरगरणं दहापैकी किती. सहा आठवडे रोज लिहा आणि मग मला पत्र टाका. मला तुमची वही बघायची आहे.